चिठ्ठीत आलेली बाजू

शाळेत तिला सगळे वकीलबाई म्हणत. खरं तर ती भूगोल शिकवायची. कोर्टाची पायरी कधी चढलीही नव्हती. शाळा सुटल्यावर मात्र ती मुलींना वादविवादासाठी तयार करी, आणि तिथे तिचा एकच नियम होता: चिठ्ठीत येईल ती बाजू आपली. स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. विषय गृहपाठाचा असो की फाशीचा, तिच्या मुली दोन्ही बाजूंनी तितक्याच तावातावाने बोलत आणि ढाली जिंकून आणत.

या सगळ्यांत तरबेज तिची भाची. आई गेल्यापासून मावशीकडेच वाढलेली. तोंड सदा चालू, म्हणून नाव पडलं टिटवी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी स्पर्धेचा विषय होता ‘देशाने युद्धात उतरावे’, आणि टिटवीच्या चिठ्ठीत आलं ‘बाजूने’. मावशी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात विरोधक होऊन उभी राहायची, आणि आपलाच मुद्दा कसा खोडायचा तेही तिला शिकवायची. टिटवी पहिली आली.

पुढे खरंच युद्धाची भाषा सुरू झाली. रेडिओवर, दुकानात, शिक्षकांच्या खोलीत तोच वाद. गणिताचे सर म्हणाले, “काय वकीलबाई, तुमची चिठ्ठी काय निघाली?”

तिने हसण्यावारी नेलं.

त्याच आठवड्यात जेवताना टिटवी म्हणाली, “मावशी, मी सैन्यात नाव दिलंय. सोमवारी हजर व्हायचंय.”

मावशीच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. “अगं, ती चिठ्ठी होती!”

“आधी होती. बोलता बोलता पटलं मला.”

“अजून काही ठरलेलं नाही. बोलणी चालू आहेत.”

“‘दुबळ्याशी कोणी बोलणी करत नाही.’ कोणाचं वाक्य?”

वाक्य मावशीचंच होतं. शेवटच्या मिनिटासाठी तिनेच ते घासूनपुसून दिलं होतं.

“पलीकडेही तुझ्यासारख्या पोरी आहेत गं.”

“हा भावनेचा मुद्दा. त्यावर गुण मिळत नाहीत, तूच म्हणायचीस.”

मावशी आणखी बोलली, पण तिने तोंड उघडायचा अवकाश, उत्तर तयार. आपल्याच आवाजाशी भांडल्यासारखं वाटून ती थांबली. इतकी वर्षं दोन्ही बाजू बोललेल्या त्या बाईकडे स्वतःचं असं एकच वाक्य उरलं होतं.

“जाऊ नकोस.”

“हा काय मुद्दा झाला, मावशी?”

“मुद्दा नाहीच.”

टिटवी हात धुऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिथून हाक आली, “मावशी, बॅगेची चेन लागत नाहीये. जरा दाबून धर ना.”

मावशी आत गेली. गुडघे टेकून बॅगेजवळ बसली आणि दोन्ही हातांनी तिने ती दाबून धरली.