शेजारच्या दातावर चढलेला दात

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला 'सेटराव' हे नाव त्याच्या बायकोने ठेवलं आणि ते गल्लीभर झालं. 'सेट' हा इंग्रजीतला एवढासा शब्द, पण जाड शब्दकोशात त्याच्या अर्थांना रकानेच्या रकाने लागतात. सेटरावांनी शब्दकोश कधी उघडला नव्हता, तरी अर्थ बहुतेक सगळे वापरून झाले होते. प्लॅस्टर घट्ट झालं की सेट झालं, दोन्ही कवळ्या मिळून फुल सेट, मेणात दात रोवायचे म्हणजे दात सेट करायचे. शिवाय घड्याळ सेट, जावई नोकरीत सेट, आणि बायको रुसली की, "थांबा, तिला सेट करून येतो."

"मला सेट करणारा अजून जन्माला यायचाय!" आतून आवाज येई.

दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडाची मापं पाठवत. सेटराव आधी मेणावर दात बसवून दवाखान्यात जात आणि माणसाच्या तोंडात ते घालून बघत. मेण असेपर्यंत दात हलवता येतो. पुढे कवळी पक्की झाली की संपलं.

त्या दिवशी खुर्चीत एक आजी होत्या. दात गेल्यापासून त्यांनी हसणंच टाकलं होतं. नातीचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि फोटोत आपण तोंडावर रुमाल धरणार असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. आजोबा त्यामुळे हवालदिल. त्यांना रुमालामागची बायको नको होती.

सेटरावांनी जीव ओतून काम केलं होतं. दात एका ओळीत, मोत्यांसारखे. "एकदम सेट!" म्हणत त्यांनी आरसा पुढे केला.

आजींनी बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहेत हो. पण या बाई कोण?"

"अगं, तूच ती," आजोबा म्हणाले, पण त्यांचाही आवाज पडला होता. मग ते हळूच पुढे वाकले. "हिचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. हसली की तो आधी दिसायचा."

सेटरावांच्या कपाळाला आठी पडली. पंधरा वर्षं दात सरळ ओळीत बसवण्यात गेली. सरळ दात वाकडा करायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "जुना फोटो आहे?"

"सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं," आजी म्हणाल्या. "आईची ताकीद होती, दात दाखवू नकोस म्हणून."

"मग कोणता दात ते सांगा."

"डावा."

"उजवा!" आजोबा गरजले. "रोज समोर बसून जेवलोय मी."

"तोंड माझं की तुमचं?"

"तोंड तुझं, पण बघितलं मी!"

"चष्मा हरवला की घरभर फिरता, तो कपाळावर असतो. म्हणे बघितलं!"

सेटराव आधी गोंधळले, मग त्यांना हसू फुटलं. दोघंही खरं बोलत होती. समोरून बघणाऱ्या आजोबांचा उजवा, तोच आजींचा डावा. त्यांनी काही समजावलं नाही; भांडताना ओठ कुठवर उचलले जातात ते मात्र नीट बघून घेतलं. मग कवळी बाहेर काढली, सुरीचं पातं ज्योतीवर धरलं, मेण मऊ केलं आणि तो दात किंचित फिरवून शेजारच्याच्या अंगावर चढवला. मेण गार झाल्यावर कवळी परत आजींच्या तोंडात गेली.

आजींनी जिभेने चाचपलं. आरशात डोकावल्या. डोळे मोठे झाले.

"अगं बाई! आलास का रे?"

आणि त्या अशा खळखळून हसल्या की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावू लागली. आजोबांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. "झालं. आता पुन्हा मला टोमणे सुरू."

"टोमणे? या दाताने चावणारसुद्धा आहे!"

"नका हो, आजी," सेटराव दोन्ही हात पुढे करून ओरडले, "अजून मेण आहे!"