न धुतलेले हात

डाळिंबाच्या बागेत सखूबाई छाटणी करत होत्या. एक झाड झालं की कात्री जंतुनाशकाच्या डब्यात बुडवायच्या, मगच पुढच्या झाडाला हात लावायच्या. त्यांची बाग पाहायला मला बोलावलं होतं. मी तीन ओळी फिरून, पानं उलटीपालटी करत त्यांच्यापाशी पोचलो.

"साहेब, सल्लागार व्हायच्या आधी तुम्ही काय करत होता?" त्यांनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं. शेतीची पदवी, मग बंदरावर परदेशातून येणारी रोपं तपासायची नोकरी. "एका पानावर डाग दिसला, तरी सगळी पेटी परत पाठवायचो."

"म्हणजे रोगाला दारातच अडवायचं काम." मग त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी तुम्ही ओढ्यापलीकडच्या बागेत होता ना? तिथं तेल्या रोग पडलाय. हात, बूट धुतले होते का?"

धुतले नव्हते. माझी मान खाली गेली. बुटांना तिथलीच माती होती. अशा किती बागांत मी रोग घेऊन सल्ला द्यायला गेलो असेन? तिथल्या माणसांनी मला चहा पाजला होता, निरोप द्यायला ती बांधापर्यंत आली होती.

"चुकलो, बाई."

त्यांनी पाण्याची बादली पुढे केली. मी हात आणि बूट धुऊन वळलो, तेव्हा त्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून मी हात लावलेल्या झाडांना बांधत होत्या.

"राग नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पण आता या झाडांवर रोज नजर ठेवायला हवी."