रविवारची एक चाल

जबांगुन सिंतुआच्या काळ्या कोटाला गाव वचकून असे. दोरीवर नुसता कोट वाळत असला, तरी पोरं पलीकडून जात. तोबा तळ्याकाठच्या लुंबान गोटिंग गावात सिंतुआ म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा वडील. पाळक येतात, बदलून जातात; सिंतुआ मरेपर्यंत राहतो. जबांगुन तर मेल्यावरही देवळाच्या दारात उभा राहून उशिरा येणाऱ्यांकडे बघेल, असं लोक म्हणत. त्याच्या राज्यात देवळात टाळ्या नव्हत्या, गीताचं एकही कडवं गाळायची सोय नव्हती, आणि रविवारी मासेमारी, पत्ते, बुद्धिबळ सगळं बंद होतं. जो नियम मोडेल त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. त्या रविवारी त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळायची नाही, आणि चार माणसांत चूक कबूल करेपर्यंत पुढंही नाही.

बाकीचं लोकांनी सोसलं असतं, पण बुद्धिबळ? या गावातला माणूस चालायला शिकतो त्याच्या आसपास घोडा चालवायला शिकतो. जबांगुन स्वतः तरुणपणी ताडीच्या गुत्त्यात बसून भल्याभल्यांना मात द्यायचा. म्हणूनच तर नियम एवढा कडक होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

या नियमात पहिला सापडला मानाएक. हा जबांगुनच्या बायकोचा, रुगुनचा, धाकटा भाऊ. बायकोच्या माहेरच्यांपुढं मान खाली घालायची, पंक्तीत पहिलं ताट त्यांना वाढायचं, ही तिथली रीत. ती मोडायची छाती भल्याभल्यांना होत नाही. जबांगुननं ती बाजूला ठेवली आणि मेव्हण्याला नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं. मानाएक एक रविवार बसला, उठला, तो पुन्हा देवळाची पायरी चढला नाही. देवळासमोरच्या गुत्त्यात बसून राहायचा. इकडे गीत सुरू झालं की तिकडून खर्जात साथ द्यायचा, आणि त्याचा आवाज असा भरदार, की देवळातले खर्जवाले नुसते ओठ हलवत.

रुगुन नवऱ्याला काही बोलली नाही. नव्या वर्षाला भावानं बहिणीकडे मसाल्यातला मासा आणून आशीर्वाद द्यायचा असतो. तो मासा येईनासा झाला. वर्ष सरत आलं, की रुगुन भांडी फार जोरात घासायची. जबांगुनला ते ऐकू यायचं आणि टोचायचंही, पण नियम म्हणजे नियम.

मग लामहोत पाळक आले. वय कोवळं, हातात गिटार. "देव काय पोलीस आहे का?" असं पहिल्याच उपदेशात विचारून त्यांनी मंडळीला हसवलं, टाळ्या वाजवायला लावल्या, आणि शेवटच्या बाकावर गिटारचे स्पीकर ठेवले. जबांगुनला आपल्याच छातीवर कुणी स्पीकर ठेवल्यासारखं झालं.

अशातच एका रविवारी घडू नये तो प्रकार घडला. उपासना संपवून जबांगुन घरी निघाला होता. वाट गुत्त्याच्या ओट्यावरून जायची. ओट्यावर डाव रंगला होता, आणि पाठमोरा बसलेला कुणी गाढव आपला वजीर उचलून सरळ उंटाच्या तोंडी द्यायला निघाला होता. माणसानं काय काय सहन करायचं? जबांगुनचा काळ्या बाहीतला हात त्या माणसाच्या खांद्यावरून पुढं आला, घोडा उचलला, अडीच घरं टाकला.

"शह!" जबांगुन ओरडला.

पाठमोरा माणूस वळला. तो मानाएक होता. जबांगुननं स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि कोट सावरत जो पळत सुटला तो घरात येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी तो पाळकांकडे गेला. दोघंही एकमेकांना मानानं 'अमांग', म्हणजे बाबा, म्हणत. "अमांग, मला शिक्षा द्या."

सगळं ऐकून पाळक पोट धरून हसले. "अहो अमांग, एका चालीची कसली शिक्षा? बैल खड्ड्यात पडला तर रविवारीही वर काढतातच की."

"बैल असता तर मीही काढला असता. हा मेव्हणा आहे."

"जाऊ द्या हो. माफ केलं."

"असं कसं माफ केलं?" जबांगुन चिडला. "मला असंच सोडलंत, तर त्याला उगाच बसवलं असं होईल!"

पाळकांचं हसू थांबलं. "कदाचित उगाचच बसवलं असेल, अमांग."

जबांगुन उठला. ते वाक्य काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. मेव्हण्याचं नातं, बायकोचा मासा, सगळं गेलं ते उगाच? जेवताना त्यानं रुगुनला सांगितलं, "येत्या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसणार. प्रभुभोजन घेणार नाही."

"त्याला बसवलंत तेव्हा मी रडले," रुगुन म्हणाली. "तुम्ही बसा. मला हसायचंय."

रविवारी त्यानं स्वतः स्पीकर उचलून खाली ठेवले आणि बसला. पाळकांनी विनवलं, तो हलला नाही. चूक कबूल करायची वेळ आली, तसा उभा राहिला. "मी रविवारी घोडा हलवला," असं म्हणाला. मंडळी खो खो हसली. रुगुन सगळ्यात जोरात. गीत सुरू झालं. पण आज समोरून खर्ज येईना, आणि देवळातले खर्जवाले उघडे पडले.

तेवढ्यात बाकापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"सरका दाजी," मानाएक म्हणाला. "हा बाक माझा आहे."

जबांगुन सरकला. गिटार वाजत राहिली.

"ती चाल चुकली होती," मानाएक कानाशी कुजबुजला. "घोडा हलला आणि मागचा हत्ती उघडा पडून गेला. हरलो मी तो डाव."

"चुकली?" जबांगुनचा चेहरा उतरला. मग तो हळू म्हणाला, "मेव्हणे, घोड्याचं चुकलं. तुम्हाला इथं बसवलं तेही चुकलं. ते जास्त चुकलं."

मानाएकनं नाक दोनदा ओढलं.

प्रभुभोजनाचं तबक घेऊन लामहोत पाळक थेट शेवटच्या बाकाशी आले. जबांगुननं हात मागं घेतला. "या बाकाला मिळत नाही."

"दाजी घेणार नसतील, तर मीही नाही," मानाएक म्हणाला.

पाळक तबक धरून उभे. अख्खी मंडळी माना वळवून बघत होती. जबांगुननं डोळे बारीक केले, डाव अडल्यावर करायचा तसे, आणि तबकाकडे बघितलं. मग त्यानं दोन्ही हातांनी तबक मेव्हण्यापुढं सरकवलं आणि मान खाली घातली.

"आधी तुम्ही," तो म्हणाला. "बायकोच्या माहेरचा माणूस बसलेला असताना मी आधी कसा घेऊ? नियम म्हणजे नियम."