स्टँड लपवणाऱ्या मावशी

अपघात विभागात सलाईनचे स्टँड टिकत नाहीत, ही मोठ्या सिस्टरांची जुनी तक्रार होती. नवे मागवावेत आणि थोड्याच दिवसांत त्यातले अर्धे गायब. चोर बाहेरचा असणार अशी त्यांची खात्री होती. पण चोर घरचाच होता. फरशी पुसणाऱ्या, जखमा धुवायला पाणी आणून देणाऱ्या, रक्ताने भिजलेले कपडे गोळा करणाऱ्या मावशी ते स्टँड चादरींच्या खोलीत गाद्यांमागे उभे करून ठेवत. वर सिस्टरांबरोबर स्वतःही शोधायला लागत. इतक्या वर्षांत त्यांनी ताकाला तूर लागू दिली नव्हती.

यामागे मावशींचं एक शास्त्र होतं. भोसकलेला माणूस आत येतो तेव्हा त्याच्यासोबत चार-पाच जण असतात. सगळे रडतात, ओरडतात, डॉक्टरांच्या अंगावर जातात. त्यात एखादा मात्र गप्प असतो आणि त्याचं लक्ष जखमेकडे नसतंच, दाराकडे असतं. मावशी त्याला बरोबर हेरत.

"ए भाऊ, इकडे ये. स्टँड नाही आमच्याकडे. ही बाटली धर. वर धर, अजून वर. खाली आली तर तुझ्या दोस्ताचं रक्त उलटं नळीत चढेल, मग मला विचारू नकोस."

हात वर करून उभा असलेला माणूस कुणाचा सूड घेणार? दोस्ताला सोडता येत नाही आणि हात खाली आणता येत नाही. मावशींचं म्हणणं असं की एका भांडणातला दुसरा खून होतो तो बाटली संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच. तो वेळ निघून गेला की माणसाला भूक लागते, घर आठवतं, आई आठवते.

आणि हात दुखायला लागला की माणूस बोलतो. भांडण कशावरून झालं म्हणून विचारलं तर सगळे तेच सांगतात: जागा, पाणी, पोरगी, गाडीचा धक्का. मावशी मान डोलवत आणि थोड्या वेळाने विचारत, "ते असू दे. तुम्हाला हसलं कोण?" मग खरं बाहेर यायचं. कुणाला कामावरून काढताना मुकादम सगळ्यांसमोर हसला होता. कुणाला सासऱ्याने पाहुण्यांसमोर फुकट्या म्हटलं होतं. राग एकाचा, मार भलत्यालाच, वड्याचं तेल वांग्यावर. वस्तीत खून झाला की शहाणी माणसं म्हणतात, जमाना बिघडला, आईबापांचं लक्ष नाही. असं म्हणायला काही लागत नाही, आणि म्हणून झालं की सगळे जेवायला मोकळे. मावशींनी निदान अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला कामाला लावलं होतं. बाटली धरणाऱ्याकडून दुसऱ्या बाजूचा पत्ता काढायचा, आणि ड्रायव्हरने त्या दारात जाऊन संध्याकाळपर्यंत नुसतं बसायचं. ड्रायव्हर चांगला धिप्पाड होता आणि गप्पिष्टही. त्याला ओलांडून बाहेर पडणं सोपं नव्हतं.

मावशी तोंडाने फटकळ. आपली ही सगळी करामत त्या घरी जेवताना रंगवून सांगत. अमक्या दादाचा हात कसा थरथरत होता, तमका बाटली धरून कसा मुसमुसत होता. नवरा हसे, थोरला मुलगाही हसे. कारखाना बंद पडल्यापासून थोरला घरीच होता. दुपारी आईचा डबा घेऊन तोच दवाखान्यात येई.

तो त्या दुपारीही आला, पण डबा न घेता. मावशींच्या बहिणीच्या मुलाला त्याने आणि शेजाऱ्याने उचलून आणलं होतं. भाचा गोदामात मुकादम होता. एका हमालाची पाठ धरली, त्याला पोतं उचलेना, म्हणून भाच्याने त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, "आजोबा, घरी जाऊन भाजी निवडा." चार दिवसांनी हमालाने गोदामाच्या दारातच भाच्याच्या पोटात चाकू घातला आणि पळाला. तो कुठे राहतो हे थोरल्याला ठाऊक होतं.

 मावशींनी सवयीने बाटली उचलली आणि थोरल्यापुढे धरली. "धर. वर धर."

थोरल्याने बाटली घेतली नाही. तो चादरींच्या खोलीत गेला, गाद्यांमागून स्टँड काढून आणला, मावशींच्या हातातली बाटली त्याला अडकवली आणि म्हणाला, "आई, मला नको शिकवूस. सगळं जेवताना ऐकलंय मी."

तो बाहेर पडला. मावशींचं लक्ष ड्रेसिंगच्या ट्रेकडे गेलं. कपडे कापायची मोठी कात्री जागेवर नव्हती.

त्या धावल्या. अँब्युलन्सचा ड्रायव्हर रुग्ण आणायला लांब गेला होता. थोरला फाटकाशी पोचला होता. मावशींनी मागून त्याचा शर्ट धरला. इतरांच्या मुलांना सांगायला त्यांच्याकडे कितीतरी वाक्यं होती, आता एकही सुचेना. शेवटी तोंडातून जुनाच प्रश्न निघाला, तोही धड नाही.

"तुला... तुला कोण हसलं रे?"

"भोसकलंय त्याला, आणि तू मला..."

"त्याला भोसकलंय. तू कात्री का घेतलीस?"

थोरला थांबला. त्याने आईकडे बघितलं नाही, फाटकाच्या गजाकडे बघत म्हणाला, "तू."

"मी?"

"डबा घेऊन यायचो ना. दाराबाहेर उभा असायचो. आत तू सिस्टरांना सांगायचीस, माझा थोरला म्हणजे घरातलं कपाट. जागचा हलत नाही आणि उघडून बघावं तर आत काही नाही. सगळ्या हसायच्या. मग तू हाक मारायचीस आणि मी आत यायचो. आज म्हटलं, हलून दाखवतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मावशींनी दुसऱ्यांना कितीदा तरी ऐकवली असेल. त्या फाटकाच्या पायरीवर बसल्या. त्यांना रडू आलं नाही, भीती वाटली. आज भाच्याच्या पोटात जे लागलं, तेच आता हमालाच्या पोटात लागणार होतं, आणि त्यात त्यांचा स्वतःचा हात होता.

"हसले," त्या म्हणाल्या. "खरं आहे."

थोरला फाटकाबाहेर गेला नाही. मावशींनी हात पुढे केला, त्याने कात्री दिली. तेवढ्याने भागलं असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. पण बाटल्या धरणाऱ्यांचं ऐकून ऐकून मावशींना एक पक्कं कळलं होतं. चारचौघांत काढलेली लाज कोपऱ्यात भरून देता येत नाही.

त्या त्याला हाताला धरून आत घेऊन आल्या. डॉक्टर भाच्याला आत नेऊन टाके घालत होते. ड्रेसिंगच्या खोलीत मोठ्या सिस्टर, दोन लहान सिस्टर, ड्रेसर आणि कंपाउंडर होते.

"सगळ्यांनी जरा ऐका," मावशी म्हणाल्या. "हा माझा थोरला. कारखाना याने बंद पाडला नाही. तरी मी इथे त्याला कपाट म्हणायचे आणि तुम्हाला हसवायचे. चुकलं माझं. त्याच्यासमोर सांगते."

कंपाउंडर उगाच कापसाचे बोळे मोजायला लागला. थोरला मान खाली घालून पुटपुटला, "आई, पुरे."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढला. "मीही हसले होते," त्या म्हणाल्या. "डबा घेऊन आलास तेव्हा तुला बघून परत हसले होते."

ड्रेसरही म्हणाला, "मी पण, दादा."

थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं. नंतर भाच्याला बाहेर आणलं तेव्हा तो त्याच्या पायांशी बसला. ड्रायव्हर परत आल्यावर मावशींनी त्याला हमालाच्या घरी पाठवलं. हमाल घरी नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या आईपाशी बसून ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत गप्पा मारत राहिला. पोलिसांनी हमालाला रेल्वे स्टेशनवर पकडलं आणि त्याला व्हायची ती शिक्षा पुढे झाली. त्या दिवशी त्या भांडणातला दुसरा जखमी दवाखान्यात आला नाही.