कोपरा फाडलेलं कार्ड

आधीच सांगतो, भुतंखेतं, करणी-बाधा यातलं मी काहीही मानत नाही. मेकॅनिकल इंजिनिअर माणूस... सगळी नोकरी बॉयलरच्या संगतीत गेली. या सदरातले इतरांचे अनुभव वाचून मी हसलोही आहे. तरी आज लिहितोय, कारण वय झालं आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलंय. यात भूत कुठंच नाही. लबाड माणूस मात्र आहे — तो मीच.

गाव कुंडल, जिल्हा सांगली. वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — फौजेतून हवालदार होऊन परतलेले, घरचा ऊस बघायचे. १९७२ साली मी स्कॉलरशिपवर पश्चिम जर्मनीत शिकायला गेलो. आबांनी अख्ख्या भावकीत पेढे वाटले. आणि मी तिथं दुसऱ्याच वर्षी एका तोंडी परीक्षेत सपशेल आपटलो! पुन्हा नापास झालो तर स्कॉलरशिप बंद, सामान बांधायचं आणि कुंडलची वाट धरायची. हे घरी कसं लिहिणार? म्हणून मी पत्र लिहिणंच बंद केलं. आबांचं पत्र मात्र दर महिन्याला यायचं.

१९७४ चा फेब्रुवारी. परीक्षा सकाळी दहाला आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. टेबलावर आबांचं ताजं पत्र पडलेलं. आमच्याकडे एक रीत आहे — कुणी गेल्याचं कळवायचं असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडतात. वाचायच्या आधीच घेणाऱ्याला कळतं. ते दारातच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही.

मी आबांच्या पत्राचा उजवा कोपरा फाडला.

प्राध्यापकांसमोर पत्र ठेवलं, रीत समजावून सांगितली आणि म्हणालो, "माझे वडील गेले." त्यांना मराठी कुठून येणार? पत्रात काय होतं — उसाची तोड सुरू झाली, म्हैस व्याली, आणि थंडीचं कानाला बांधत जा. प्राध्यापक उठून उभे राहिले. माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे वडील युद्धात गेले होते, तेव्हा त्यांच्याही घरी असंच एक पत्र आलं होतं म्हणे. परीक्षा दोन महिने पुढे गेली. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं घरी केलेला केक पाठवला. मी तो खाल्ला... अख्खा खाल्ला. मिशी तेवढी उतरवली नाही, कारण बाप जिवंत असताना आमच्यात ती उतरवत नाहीत. तेवढीच लाज शिल्लक होती म्हणायची.

पुढे पास झालो. पण घरी लिहवेना. ज्याला आपण मारलं त्याला 'तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार' कुठल्या तोंडानं लिहायचं?

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात नुसती तार करून घरी परतलो. दुपारची जेवणं झाली, आई शेजारी गेली. आबांनी फौजेतली ट्रंक उघडली आणि तळातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"ह्ये तू लिवलंस का रं?"

आपल्याकडचं साधं पोस्टकार्ड. उजवा कोपरा फाडलेला. पत्ता आबांच्याच नावाचा, आणि मजकूर एकच ओळ — 'आबा गेले.' अक्षर माझं! शाळेत ज्या वाकड्या 'ग'साठी छड्या खाल्ल्या तोच 'ग'. शिक्का कुंडलच्याच पोस्टाचा. तारीख मी प्राध्यापकांसमोर बसलो होतो तीच.

"पोस्टमन लय भ्याला," आबा म्हणाले. "म्हनला, आवं आबा, ह्ये तर तुमचंच हाय की! तुज्या आईला दावलं न्हाई म्या. पर आठ दिस माजंच मला कळंना, मी हाय का न्हाई."

"न्हाई आबा," मी म्हणालो. "म्या न्हाई लिवलं."

अक्षरशः खरं होतं ते. आणि त्याच्याइतकं खोटं मी जन्मात दुसरं बोललो नाही.

कुणी थट्टा केली म्हणावं, तर त्या लबाडीबद्दल मी गावाकडच्या एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी जर्मनीहून बातमी त्याच दिवशी कुंडलला पोचणार कशी? तेव्हा पत्राला पंधरा दिवस लागायचे. तिथून मी टाकलं म्हणावं, तर आपलं कार्ड माझ्याकडे नव्हतंच. बॉयलर का फुटला ते मी राखेवरून सांगायचो, पण याचं उत्तर मला आजतागायत सापडलं नाही.

आबा पुढे अकरा वर्षं जगले. प्रत्येक सुट्टीत वाटायचं, आता सांगून टाकावं. नाही सांगितलं. लाज वाटायची हो... अजून वाटते.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी मी आबांना विचारलं होतं, "असलं कार्ड कुनी उंबऱ्याच्या आत आनतं व्हय? फाडून का न्हाई टाकलं?"

आबांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि परत ट्रंकेत ठेवलं.

"त्या साली तुज्या हातचं तेवडंच आलं हुतं," ते म्हणाले.