मासे न मरणारं घर

नांदुऱ्यात उद्धवरावांबद्दल कुणी वाईट बोलत नसे. माणूस सज्जन, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोट काढायचीच म्हटली तर एकच होती. त्यांच्या घरातले मासे मरत नसत.

यात खोट कसली, असं बाहेरगावच्या माणसाला वाटेल. पण गावात ज्यांच्या दिवाणखान्यात काचेची पेटी होती त्यांतल्या निम्म्यांनी मासे पाळले होते तेच मुळी मरण्यासाठी. घरावर येणारी बला मासा स्वतःच्या अंगावर घेतो आणि पोट वर करतो, ही समजूत. मासा मेला की अशा घरात जरा हायसं वाटतं. वर्षानुवर्षं एकही मासा न मरणारं घर म्हणजे, लोकांच्या हिशेबानं, पावती न फाडलेलं घर. कधी ना कधी वसुली येणारच.

शेजारचे उकंडराव या शास्त्रातले अधिकारी. धान्याची अडत, घर वास्तूप्रमाणे, पेटी ईशान्येला.

"उद्धवभाऊ, आज माये दोन मासे गेले," ते कुंपणावरून सांगत, पोरगा पास झाल्याच्या आवाजात. "हरभऱ्याचा भाव आपटून राह्यला होता. थांबला पाहा जागच्या जागी."

"उकंडराव, पाणी किती बदलता तुम्ही?"

"किती म्हंजे? पूर्ण! कपड्याच्या पावडरीनं पेटी घासतो, दगडं घासतो, चकाचक करून टाकतो."

"म्हणून मरतात ते."

"हाव ना मंग! मरतेच. त्याच्याचसाठी तं आणले."

उद्धवराव आपल्या पेटीकडे परतत. तिथं चार गोल्डफिश नांदत होते. कचेरीत हयात गेल्यामुळे बारसंही कचेरीतलंच झालेलं. सगळ्यात मोठा, केशरी, पोट सुटलेला आणि दाणे टाकले तरी घाईनं न येणारा तो तहसीलदार. पांढरा-केशरी, सदैव त्याच्या मागं मागं असणारा तो नायब. इकडून तिकडे विनाकारण दौरे काढणारा मंडळ अधिकारी. आणि काळा, डोळे बाहेर आलेला तो कोतवाल. तहसीलदार नऊ वर्षं एकाच जागी बदलीशिवाय टिकला होता, आणि हा जिल्ह्यातला विक्रम असल्याचं उद्धवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ही विद्या मात्र त्यांची नव्हती. ती शैलजाबाईंची. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी पेटी भेट दिली, उद्धवरावांनी त्याच संध्याकाळी ती नळाच्या पाण्यानं भरली, मासे सोडले, आणि आठवडा उलटायच्या आत सगळे गेले. शैलजाबाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेलं. त्या चष्मा सावरून म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यांना संडासात कोंडून बाहेरून कडी लावलीत."

मग त्यांनी नवऱ्याला समोर बसवून धडा दिला. माशांची घाण पाण्यातच राहते आणि तिचं विष होतं. ते विष खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते गाळणीच्या स्पंजात, दगडांवर घर करतात, पण त्याला महिना लागतो. तोवर पंप चालू ठेवायचा, झाडं लावायची आणि वाट बघायची. उद्धवराव महिनाभर बिनमाशांच्या पेटीसमोर बसून राहिले. उकंडराव येऊन काचेला नाक लावून गेले. "कोणत्या जातीचा हाय? दिसून नाही राह्यला."

तेव्हापासून नियम म्हणजे नियम. नळाला ब्लीचिंगचा वास असतो, म्हणून पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं. आठवड्याला पेटीतलं फक्त पाव पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. स्पंज पेटीतून काढलेल्या त्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला की त्यातले जीव मेले, आणि त्यांच्यामागून मासे. दाणे इतकेच, की पातेल्यातल्या चहाला उकळी फुटेपर्यंत खाऊन संपले पाहिजेत. पेटी खिडकीपाशी नको, ऊन लागलं की पाण्याची हिरवी चटणी होते. जाड पानांचं झाड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. आणि वैशाखात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत सोडायची. लोक सल्ला विचारायला येत, चहा पीत, मान डोलवत आणि घरी जाऊन सगळं पाणी बदलत.

अशाच एका वैशाखात, एका सकाळी शैलजाबाईंच्या हातातून कपबशी पडली, आणि पाठोपाठ त्याही पडल्या.

अकोल्याच्या दवाखान्यातून त्या परत आल्या तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचे राहिले नव्हते. आतल्या खोलीत उकडतं म्हणून पलंग बाहेर आणला, बरोबर पेटीसमोर. पुण्याहून मुलगा, आल्हाद, येऊन पंधरा दिवस राहिला आणि मग मोबाइलच्या पडद्यात राहू लागला. मलकापूरहून छाया नावाची मुलगी रोज व्यायाम करून घ्यायला यायची. तिनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "काका, पहिले सहा महिने महत्त्वाचे. या दिवसांत काकू उभ्या राह्यल्या तर चालतील. नाही तर पाय तसाच राहील."

भेटायला येणारे शहाळी आणत आणि सोबत आपापलं निदान. उकंडराव आले, खुर्चीवर टेकले, पेटीकडे बघून त्यांनी मोठा उसासा सोडला. "पाहा ना वहिनी, एकही मेला नाही. नऊ वर्षांत एक जरी गेला असता..."

वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं. ते घरभर फिरत राहिलं.

दोन दिवसांनी दुपारी शैलजाबाई जड जिभेनं म्हणाल्या, "माझ्यावर आलं, ते त्यांच्यावर काऊन नाही आलं?"

उद्धवराव हसले. ही थट्टा असेल असं त्यांना वाटलं. उकंडरावांची नक्कल करण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बाई हसत नव्हत्या. तोंडाची एक बाजू तर हसूच शकत नव्हती, पण दुसरीही नाही.

"शैला, मेंदूत रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी फोटो दाखवला ना? तूच तर मुलींना शिकवायचीस..."

"शिकवलं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं. त्यानं बोट हलतं का माझं?" त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पलंगावर टाकला. तो कणकेच्या गोळ्यासारखा पडला. "तुम्ही फार जपलं त्यांना. बर्फाच्या बाटल्या काय, साठवलेलं पाणी काय. मला एकदा म्हणालात का, की बस, दमलीस तू?"

उद्धवरावांनी आठवून पाहिलं. खरोखरच म्हटलं नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस त्या भिंतीकडे तोंड करून राहिल्या. छाया हात उचलायची, सोडायची, मोजायची, बाई दगड. शेवटी उद्धवरावांनी कोतवालाला बादलीत घेतलं, वर ताट झाकलं आणि मागच्या दारानं उकंडरावांकडे नेऊन सोडलं. सोबत आपल्या पेटीतलं पाणी नेलं, जुन्या स्पंजाचा तुकडा नेला, सगळे नियम पुन्हा सांगितले. "आणि पावडर लावू नका हो, हात जोडतो." घरी येऊन म्हणाले, "कोतवाल गेला. कढीपत्त्याखाली पुरला."

शैलजाबाई वळल्या. त्या दिवशी त्यांनी छायाला हात दिला. आठवड्यानं उजव्या हाताचं मधलं बोट हललं.

"कोतवालानं घेतलं बघ," त्या म्हणाल्या.

"काकू, मी दीड-दीड तास घासते त्याचं काहीच नाही का?" छाया म्हणाली. मलकापूरहून एसटीत उभ्यानं येणाऱ्या मुलीचं श्रेय एका काळ्या माशानं खाल्लं, तरी बिचारी हसली. बोट हलल्याशी मतलब.

मग मंडळ अधिकारी शेवटच्या दौऱ्यावर निघाला. मग नायब. दर खेपेला बादली, ताट, मागचं दार. बाईंचा हात उघडू-मिटू लागला, पेला धरू लागला. आणि उकंडरावांच्या पेटीत तिघेही एकामागून एक खरंच मेले. उद्धवरावांचं खोटं असं खरं होत गेलं, याचं त्यांना समाधान वाटावं की काय हे त्यांना कळेना. मागच्या कुंपणावरून हळूच बातमी येई, "तुमचा काळा गेला भाऊ. पण काय सांगू, त्याच दिवशी माया ट्रक घाटात पलटी होता होता वाचला!" म्हणजे कोतवालानं बोटही हलवलं आणि ट्रकही धरला. हयातीत त्यानं एवढं काम कधी केलं नव्हतं.

आता पाय उरला, आणि तहसीलदार.

इतक्यात उकंडराव पुन्हा समाचाराला आले. बाईंनी डाव्या हातानं उजव्या हातात पेला ठेवून त्यांना पाणी पिऊन दाखवलं. गडी भारावला आणि भारावल्या भरात बोलून गेला, "वहिनी, तुमचे तिन्ही मासे मोठे गुणाचे हो! माया पेटीत आले अन् माये तीन संकटं टळले."

पेला खाली आला. उकंडराव गेल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरचं काहीच गेलं नाही. त्यांचं गेलं."

"पण शैला, हात तर आला ना? आपल्या घरात एकही मासा मेला नसताना आला! म्हणजे बघ, तूच विचार कर..."

विचार करायला सांगणं हीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी छाया आली तेव्हा हात मांडीवरून उचलेना. उभं करायला गेली तर बाईंनी पलंगाची कड पकडून ठेवली. "तो आहे तोवर मी उठणार नाही," तहसीलदाराकडे बोट करून त्या म्हणाल्या. "आणि आता बादली नको. इथं. माझ्यासमोर. आपोआप."

छायानं बाहेर ओट्यावर येऊन सांगितलं, "काका, चार महिने झाले. मी अजून येईन, पण येऊन काय करू?"

उद्धवरावांनी दहा-बारा दिवस वाट पाहिली. तहसीलदार पोट पुढे काढून काचेशी यायचा, दाण्याची वाट पाहायचा. दाणे दिले नाहीत तर तो झाडांची पानं कुरतडून आठवडेच्या आठवडे काढील हे उद्धवरावांना ठाऊक होतं. मासा जगवायचे जेवढे नियम माहीत असतात, तेवढेच मारायचेही माहीत होतात. पाटी तीच, फक्त उलटी धरायची.

नळ आला त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास होता. दुपारी बाईंचा डोळा लागला. उद्धवरावांनी पाइप लावून पेटी तळापर्यंत रिकामी केली. तहसीलदाराला तेवढा वेळ जुन्या पाण्यात, पातेल्यात ठेवला. तिथं तो नेहमीसारखा ऐटीत फिरला. दगड कपड्याच्या पावडरीनं घासले. स्पंज नळाखाली धरला, पिळला, पुन्हा धरला, पांढरा होईपर्यंत. मग पेटी थेट नळानं भरली आणि नऊ वर्षं बदली न झालेल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या हातानं आत सोडलं. संध्याकाळपर्यंत तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडत-मिटत होता. उद्धवराव भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि स्टेशनवर बसून आले. भाजी आणायची राहिली.

सकाळी तो आडवा तरंगत होता.

"गेला?" बाईंनी विचारलं.

"गेला."

"आपोआप?"

"आपोआप."

बाई पेटीकडे बघत राहिल्या. उत्तरपत्रिका बघत तशा, वरपासून खालपर्यंत. पाणी नितळ, दगड पांढरेशुभ्र. छाया आली तेव्हा स्वतःच हात पुढे केला. "चल. धर मला."

त्या उभ्या राहिल्या. घामानं चिंब झाल्या, ओठ चावला, पण पेटीच्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

संक्रांतीपर्यंत काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊ लागल्या. उकंडराव पेढे घेऊन आले. "मी म्हणलंच होतं ना? एक गेला पाहिजे होता!" गावाच्या नजरेत उद्धवरावांचं घर आता चारचौघांसारखं झालं. सल्ला विचारायला मात्र कुणी येईना. मासे मरणारी घरं काय, पुष्कळ होती.

पेटीत फक्त झाडं राहिली. उद्धवराव आठवड्याला पाव पाणी बदलत. एका रविवारी बाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, उजव्या हातानं, सावकाश. उद्धवराव पिशवी घेऊन निघाले. "खामगावला जातो आहे. दोन लहानसे आणू का? पाणी तयार आहे आता. स्पंजही..."

"स्पंज तुम्ही नळाखाली धुतला होता," बाई वर न बघता म्हणाल्या. "त्या दुपारी डोळे उघडले तेव्हाच ब्लीचिंगचा वास आला होता मला."

उद्धवराव पायरीवर थांबले.

"मग त्याच दिवशी बोलली काऊन नाहीस?"

बाईंनी एक जून काडी बाजूला टाकली.

"उभं राहायचं होतं मला."