डॉक्टर ब्योनला वाकवणारी माकसून

नवऱ्याला माती देऊन आल्यावर माकसून रडली नाही. तडक आमच्या शेडमध्ये येऊन कालवं फोडायला बसली. कोरियातल्या थोंगयोंग बंदराच्या धक्क्यावरच्या आम्हा बायकांची ती थोरली ताई. अठ्ठ्याहत्तरची, पण तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

तिचा नवरा दोकमान रक्तदाबाच्या नव्या गोळीनं गेला. गोळी घेऊन उठला, भोवळ आली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर आपटला. खुबा मोडला. अंथरूण धरलं ते सुटलंच नाही. गोळी लिहून देणारे डॉक्टर ब्योन म्हणाले, "आजी, या वयात असं व्हायचंच."

ते वाक्य माकसूननं मनात धरून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर तेच डॉक्टर त्याच गोळीच्या नव्या अभ्यासासाठी माणसं जमवायला धक्क्यावर आले. माकसून पुढ्यातच बसली.

"माझं नाव घाला."

"आजी, पासष्टच्या पुढचे नाही चालत. तुम्हाला इतर दुखणी, इतर औषधं. निकाल गढूळ होतो."

"मग आमच्या म्हाताऱ्याला कशी चालली? आधी कुणावर पारखली होती?"

"पन्नाशीच्या आसपासच्या लोकांवर."

"अस्सं! पारखायला म्हातारे नकोत, गिळायला मात्र हवेत!"

दुसऱ्या दिवशी तिनं शेडमध्ये बजावलं, "ज्या घरचं माणूस त्या डॉक्टरपुढे रक्तदाब मोजायला दंड उघडा करील, त्या घरी मी किमची घालायला येणार नाही." तिच्या हाताशिवाय आमच्याकडे हिवाळ्याची किमची, कोबीचं ते आंबवलेलं लोणचं, कधी धड लागली नव्हती. बायकांनी जेवण तोडायची धमकी देऊन नवऱ्यांना अडवलं. नावाडी हसायचे, "बायकोनं जेवण तोडलं की रक्तदाब आपसूक उतरतोय!" पण दवाखान्याकडे कुणी फिरकलं नाही.

शेवटी डॉक्टर नाशपातीची पेटी घेऊन शेडमध्ये आले. "आजी, अभ्यास बुडतोय हो. काय हवंय तुम्हाला?"

"पंचाहत्तरच्या पुढचे घ्या. काठी टेकणारे, मूठभर गोळ्या खाणारे. चालवत नसेल त्याला गाडी पाठवा."

"ते अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीच्या हातात असतं..."

"मग समितीचे पाय धरा. आणि माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आहे. त्याच्यापुढे येऊन वाकायचं."

डॉक्टर आले. दोकमानच्या फोटोपुढे भात, सुकी मासळी, दारूचा पेला मांडला होता. ते वाकले.

"कपाळ टेकू दे जमिनीला," माकसून म्हणाली. "आता म्हणा, वयानं नाही गेला."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "वयानं नाही गेला," ते पुटपुटले. "म्हाताऱ्यांना काय होतं, ते आम्ही पाहिलंच नव्हतं."

मला वाटलं, आता तरी ती रडेल. तिनं सगळ्यांना दारू ओतली. डॉक्टरांना वगळून.

वसंतात समितीनं परवानगी दिली. माकसूननं पहिलं नाव स्वतःचं घातलं, ते ती गोळी नापास व्हावी म्हणून. आली तेवढी भोवळ तिनं सांगितली. खोटं एक अक्षर बोलली नाही. इतर म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. अखेर ठरलं, या वयाला अर्धीच गोळी, आणि उठण्याआधी अंथरुणाच्या काठावर जरा बसायचं.

डॉक्टर आनंदानं सांगत आले, "आजी, तुमच्यामुळे कितीतरी जण पडायचे वाचतील."

"वाचू देत. तुम्हाला मी माफ केलेलं नाही."

अजूनही ते धक्क्यावर दिसले, की घाण पाणी त्यांच्या पायांवर उडेल अशा बेतानं ती डबक्यात शिंपला भिरकावते. आम्ही खाली मान घालून कालवं फोडत राहतो.